हाड म्हणजे काय, ते सरांना विचारा

आमच्या शेजारच्या सरांनी मला फसवलं. मला म्हणण्यापेक्षा माझ्या कुत्रीला फसवलं. नागावच्या किनाऱ्यावर झालेल्या कुत्र्यांच्या फ्रिस्बी स्पर्धेत ती पहिली आली होती, सगळ्या गावानं ते पाहिलं होतं, आणि सरांनी एका वाक्यात तिला बाहेर काढलं. वाक्य खोटं नव्हतं. माझा राग त्याचाच आहे. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं, मी जन्मभर तेच करत आले. खरं बोलून फसवणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी खानावळ चालवते. किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुरूच्या झाडांच्या अलीकडे. वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या आहेत, त्या नंतर बांधल्या. आधी नुसती चूल होती आणि पुढे ताडपत्री. त्याच्याही आधी, लग्नापूर्वी, मी बोर्ली पंचतनच्या बाजारात आईशेजारी बसून सुकट आणि बोंबील विकायचे. गिऱ्हाईक पाटीकडे बघायचं आणि मी गिऱ्हाइकाच्या पायांकडे. तोंडानं माणूस 'महाग आहे' म्हणतो, पण पाय जागचे हलत नसतील तर तो घेणार. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यावर घर माझ्या तोंडावर चाललं आणि अजून चालतं. माझं तोंड मोठं आहे हे मला ठाऊक आहे. बाजारात हळू बोलणारीचा माल संध्याकाळी तिच्याबरोबर घरी परत येतो.

कुत्री आमच्या मागच्या दाराशी आली तेव्हा मूठभर होती. तांबूस रंग, एक कान कशानं तरी फाटलेला. मागच्या अंगणात मी मासे साफ करायला बसते. तिथं मांजरं असतात, कावळे असतात, त्यांत ही आणखी एक. नाक थेट पातेल्यात. मी म्हणायचे, "हाड!" आपल्याकडे कुत्र्याला हाकलताना दुसरं काय म्हणतात? पण नुसत्या शब्दानं ती हलायची नाही. मग मी बांगड्याचं एक डोकं उचलून कुंपणाकडे भिरकवायचे. तोंडानं हाड आणि हातातून डोकं, दोन्ही एकदमच सुटायचं. ती धावायची, खायची आणि पुन्हा पातेल्याशी हजर. पुन्हा हाड, पुन्हा डोकं. कावळे टपलेलेच असायचे, डोकं खाली पडलं की गेलंच. म्हणून थोड्याच दिवसांत ती ते खाली पडू देईना. उडी मारून वरच्या वर झेलायची.

यात एक गोष्ट झाली, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. बाकीची कुत्री हाड ऐकलं की शेपूट घालून पळतात. ही हाड ऐकलं की कान टवकारून माझ्या हाताकडे बघायची. रस्त्यात कुणी परक्यानं तिला हाड केलं, तर ती त्याच्यासमोर जाऊन बसायची आणि हा आता काय फेकतो याची वाट बघायची. लोक घाबरून दोन पावलं मागं सरायचे. तिच्या लेखी हाड म्हणजे 'चालती हो' असं नव्हतंच. तिच्या लेखी हाड म्हणजे पळ, आलं बघ, तुझंच आहे.

नाव मी तिला ठेवलं नाही. त्या एका शब्दावर आमचं सगळं भागत होतं.

एकदा मुंबईचे पाहुणे एक पिवळी प्लॅस्टिकची तबकडी खोलीत विसरून गेले. मी तिच्यात लसूण ठेवायचे. एके दिवशी डोकं हाताशी नव्हतं आणि ही पातेल्यात शिरली, तेव्हा लसूण ओतून मी तबकडीच फेकली. तिनं ती हवेत पकडली आणि माझ्यासमोर आणून टाकली. हे खाण्याचं नाही, दुसरं दे, असं तिचं म्हणणं असावं. मी पुन्हा तीच फेकली. मासे तसेच राहिले आणि आम्ही दोघी खेळत बसलो. मुलं मोठी होऊन पनवेलला गेल्यापासून मी कुणाशी खेळले नव्हते.

मग आम्ही रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊ लागलो. घोडागाड्या आणि त्या वाळूत फिरणाऱ्या फटफट्या यायच्या आधी किनारा रिकामा असतो. तिथंच सर फिरायला यायचे.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या कुंपणापलीकडे त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीत हल्ली पाहुण्यांसाठी कॉटेजेस आहेत. माणूस वाचलेला, बोलणं गोड. आमचा खेळ बघून ते काठी टेकून उभे राहायचे.

"वहिनी, कुत्र्याला हाड म्हणून बोलावणाऱ्या तुम्ही जगात एकट्याच."

"बोलवत न्हाय सर, पाठवते."

"आणि ती आनंदानं जाते, हे विशेष. तुम्ही तर शब्दाचा अर्थच फिरवलात."

एका सकाळी त्यांना स्वतःला फेकून बघायची हौस आली. त्यांनी तबकडी घेतली, "जा बाळा, जा," म्हणाले आणि फेकली. कुत्री जागची हलली नाही. तिनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, "सर, तिला बाळा कळत न्हाय." सरांनी आजूबाजूला कुणी आहे का ते पाहिलं, घसा साफ केला आणि ओरडले, "हाड!" ती अशी सुटली की सरांच्या धोतराचा सोगा उडाला. सर लहान मुलासारखे हसले. त्यांचं ते हसणं मी विसरले असते तर आज इतकी जळफळले नसते.

डिसेंबरात मुंबईची काही मंडळी ती स्पर्धा घेऊन आली. कुत्रा आणि त्याचा माणूस अशी जोडी. माणसानं तबकडी फेकायची, कुत्र्यानं झेलायची, वेळ संपेपर्यंत. लांबच्या पट्ट्यात झेलली तर जास्त गुण, चारी पाय हवेत असताना झेलली तर आणखी जास्त. ही मंडळी उतरली होती सरांच्या कॉटेजेसमध्ये, आणि सरांना त्यांनी स्थानिक सल्लागार म्हणून टेबलावर बसवलं होतं. मला स्पर्धेत उतरायला सरांनीच सांगितलं, हेही लिहिते. जे आहे ते आहे.

नाव नोंदवायला टोपी घातलेली एक मुलगी बसली होती.

"ब्रीड कौनसा है, आंटी?"

"गावठी."

"इंडी लिखती हूँ. नाम?"

"नाव न्हाय."

"नाम तो चाहिए ना!" असं म्हणून तिनं स्वतःच काहीतरी इंग्रजी नाव लिहून टाकलं. त्या नावानं नंतर भोंग्यावरून पुकारा झाला तेव्हा आम्ही दोघीही बसून राहिलो. घोडेवाल्यानं मला ढकललं, "काकू, तुमचाच नंबर!"

पण त्याच्या आधीची गोष्ट महत्त्वाची आहे. नियम इंग्रजीत वाचून दाखवले. सर माझ्या बाजूला उभे राहून मराठीत सांगत होते. कुत्र्याला मारायचं नाही, पट्टा ओढायचा नाही, टाकून बोलायचं नाही. मी तिथंच थांबवलं.

"सर, माझा शब्द चालेल ना?"

"कुठला?"

"आमचा. हाड."

"चालेल हो. ती त्यावरच धावते, दुसरं काय म्हणणार तुम्ही?"

मी ते ऐकलं आणि गप्प बसले. बाजारात पाव किलो सुकटीचा सौदासुद्धा मी चारचौघांना ऐकू जाईल असा करते, म्हणजे नंतर गिऱ्हाईक फिरत नाही. आणि इथं शेजारी, त्यातून सर, म्हणून मी कुणाला साक्षीला घेतलं नाही. चालेल म्हणजे चालेल, एवढ्यावर सोडलं.

बाकीची कुत्री अशी एकेक होती, काय सांगू. लांब केसांची, कुणाच्या डोक्यावर छत्री धरलेली, एकाच्या पायांत तर वाळू लागू नये म्हणून बूट. आमच्या तोडीचा एकच होता, काळा-पांढरा. त्याचा माणूस उंच, शिट्टीवर कुत्रा चालवायचा. तो कुत्रा चांगला होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, हे त्याच्या माणसाला माहीत नव्हतं. उंच फेकलेली तबकडी वारा उचलायचा आणि भलतीकडे टाकायचा. मी फेकते खालून, कमरेच्या उंचीवरून, कारण आमच्या अंगणात कपडे वाळत घालायची तार आहे आणि माशाचं डोकं तिच्याखालून काढायला लागतं. माझी तबकडी वाळूला धरून जात होती.

पहिल्या फेकीला मी "हाड!" ओरडले तेव्हा गावातली माणसं हसली. दुसऱ्या वेळी तिनं लांबच्या पट्ट्यात आडवी होऊन झेल घेतला आणि हसणं बंद झालं. तिसऱ्या वेळेपासून अख्खा किनारा माझ्याबरोबर ओरडायला लागला. घोडेवाले, भेळवाले, नारळपाणीवाल्याची बायको, सगळे एका सुरात, "हाऽऽड!" आणि ती त्या आवाजावर उडत होती. इतकी माणसं एकदम आपल्याला 'तुझंच आहे' म्हणतायत, असं तिला वाटत असणार. वेळ संपली तेव्हा ती तबकडी तोंडात धरून पूर्ण गोल फेरी मारून आली. गुण पुकारले. आम्ही पहिल्या.

लोक मला उचलायला आले. मी म्हटलं, "मला न्हाय, तिला उचला." पण ती हाताला लागेना.

तेवढ्यात टेबलाशी कुजबुज सुरू झाली. मुख्य परीक्षक एक बाई होत्या, केस बारीक कापलेले, उन्हानं रापलेल्या. त्या माझ्याकडे आल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. माहीत नसेल तर विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

"आंटी, ये सब लोग 'हाड' चिल्ला रहे थे. मतलब क्या? हड्डी?"

हड्डी म्हणाले असते तर सुटले असते. नाही म्हणाले. मला वाटलं, खरं आहे ते सांगावं, लपवण्यासारखं त्यात आहे काय? मी सांगायला लागले. मछली का मुंडी, कौवा, पातेला, छोटी थी तब से. हिंदी माझी बाजारातली, त्यात मी धापा टाकत होते. बाई ऐकत होत्या, पण त्यांना काही कळत नव्हतं. त्या सरांकडे वळल्या.

"सर, आप बताइए. इसका मतलब?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि इंग्रजीत सांगितलं. एवढं इंग्रजी खानावळवालीला कळतं. भटक्या कुत्र्याला हाकलून लावण्यासाठी हा शब्द वापरतात, असं ते म्हणाले.

मी थांबले. पुढचं येईल म्हणून थांबले. सर टेबलावरचे कागद सरळ करायला लागले.

"सर, पुढचं सांगा की."

"वहिनी, त्यांनी शब्दाचा अर्थ विचारला. तो सांगितला."

"आणि हिचं काय? ही पळाली का घाबरून? सांगा ना!"

"तुम्ही आधी आवाज खाली करा."

बाईंचा चेहरा बदलला होता. त्यांच्या नजरेनं आता सगळंच उलटं दिसत असणार. एक गावठी कुत्री वाळूत सैरावैरा धावतेय आणि अख्खं गाव तिला हुसकावतंय. त्या तरी काय करणार? मी म्हटलं, "मॅडम, आप बोलो. आप खुद बोलो हाड, फिर देखो." त्या क्षणभर थांबल्या. त्यांचे पाय जागचे हलले नव्हते. मी पाय ओळखते. त्या म्हणणार होत्या. त्यांनी माझ्या हातातली तबकडी अर्धी घेतलीसुद्धा.

आणि सर मध्ये पडले. "जाऊ द्या मॅडम. सूर्य खाली आला, बक्षीस समारंभ उरकून घेऊ. वहिनी जरा तापट आहेत. उगाच गावात वाद नको."

तबकडी माझ्याच हातात राहिली. भोंग्यावरून जाहीर झालं की आमची जोडी बाद आहे, कारण कुत्रीशी अपमानास्पद भाषा वापरली. पहिला नंबर काळ्या-पांढऱ्याला. ज्यांनी माझ्याबरोबर घसा फोडला होता त्यांतला एकही बोलला नाही. सरांच्या शाळेत शिकलेली सगळी. कुत्री माझ्यासमोर बसून माझ्या हाताकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी गेले. सर सुपाऱ्या वाळत घालत होते.

"सर, काल मला विचारून तुम्ही चालेल म्हणालात."

"म्हणालो असेन. एवढा गोंधळ होईल असं कुठं वाटलं होतं?"

"आणि त्या बाई करून बघत होत्या, तर तुम्ही अडवलंत."

"अहो, पाहुणे आहेत ते. वहिनी, एक प्लॅस्टिकची थाळी ती. इतकं काय जिवाला लावून घेता?"

"थाळी जाऊ दे. मी कुत्रीला टाकून बोलते, असं भोंग्यावरून सांगितलं माझ्याबद्दल. तुम्हाला ठाऊक हाय मी तिला काय बोलते."

"शब्दाचा अर्थ तुमच्या-माझ्या मनावर नसतो," सर शिकवल्यासारखं म्हणाले.

"तुम्ही ओरडलात तेव्हा कुणाच्या मनावर होता?"

सर पुन्हा सुपाऱ्या पसरायला लागले. आतून त्यांच्या सौ. चहाला हाक मारत होत्या. मी निघून आले.

थोड्या दिवसांनी रस्त्यावर फलक लागला. पुढच्या वर्षीची स्पर्धा, मुक्काम आणि भोजन सरांच्या वाडीत. तो वाचून मला सगळा सौदा दिसला. काळ्या-पांढऱ्याचा माणूसही तिथंच उतरला होता, त्याचे मित्रही. सर वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी त्या क्षणी फक्त एवढंच बघितलं की कुठली बाजू धरली की पाहुणे खूश राहतील. मी धंदेवाली आहे, गिऱ्हाईक राखणं मला कळतं. मीही कालच्या बोंबलाला आजचा म्हटलेलं आहे. पण बाजारात दोघांनाही माहीत असतं की समोरचा थोडं फुगवून सांगतोय. तिथं कुणी समोरच्याच्या भरवशावर डोळे मिटून उभं नसतं. मी उभी होते. आणि विकायचंच होतं तर सर, भाव तरी नीट घ्यायचा. पाहुणे तर तुमच्याकडे तसेही आले असते. दुसऱ्या कुणाच्या वाडीत इतकी सावली आहे?

माझ्या खानावळीत आता लोक कुजबुजतात. कुणीतरी मोबाइलवर काढलेलं चित्र फिरतंय. त्यात मी हात उगारून ओरडते आहे आणि कुत्री पळते आहे, तबकडी मात्र दिसतच नाही. परवा एक बाई आपल्या मुलीला मागच्या अंगणात जाऊ देईना. "वो आंटी डॉगी को मारती है," म्हणाली, मला ऐकू जाईल अशी. मी आमटीची वाटी तिच्यासमोर ठेवली आणि आत गेले. मी! ज्या बाईनं म्हसळ्याच्या व्यापाऱ्यांना भर रस्त्यात उभं करून सुनावलं आहे, ती मी काही न बोलता आत गेले.

त्या दिवसांत मी तो शब्द म्हणायचा सोडून दिला होता. पाहुणे असले की जीभ अडायची. मी 'जा' म्हणून बघितलं, 'गो' म्हणून बघितलं. मी तबकडी फेकायचे आणि ती बसून राहायची. रागावली नव्हती. नुसती वाट बघत होती. आपलं काही चुकलं म्हणून हे बंद झालं, असं कुत्र्याला वाटू शकतं का, मला माहीत नाही. माझ्या मनात मात्र ते आलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मुलाला सांगून मी त्या परीक्षक बाईंना फोन लावून घेतला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, त्यांनी निर्णय स्थानिक सल्लागाराच्या सांगण्यावरून दिला होता. सरांनी जर त्यांना सांगितलं की माझी कुत्री त्या शब्दावर खेळायला धावते, घाबरून पळत नाही, तर त्या निकाल बदलतील आणि तसं जाहीरही करतील. एका फोनचं काम. हे मी सरांना त्याच संध्याकाळी कळवलं. त्यांनी "बघू" म्हटलं. अजून बघतायत.

तर सर, आता मी हे लिहून सगळ्यांसमोर विचारते, कारण एकट्यात विचारून माझं एकदा झालेलं आहे. तुम्हाला तिचा अर्थ माहीत होता की नव्हता? माहीत नव्हता म्हणत असाल तर माझ्या तोंडावर येऊन तसं म्हणा. माहीत होता म्हणत असाल तर फोन उचला, त्या बाईंना लावा, मला शेजारी उभी करा आणि अर्धं ठेवलेलं वाक्य पूर्ण करा. आणि दोन्ही करायचं नसेल, तर का नाही, याचं उत्तर द्या. मला चहा नको, समजूत नको. उत्तर हवं.